अकरा महिन्यांचं वर्ष

कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक निळी फाइल असते. आमच्या घराचे बारा करार तिच्यात एकावर एक लावलेले आहेत. घराचे म्हणजे घरांचे. अकरा वर्षांत तीन झाली. परवा लेकीच्या शाळेत पत्त्याचा पुरावा द्यायचा होता म्हणून फाइल काढली, आणि काढली ती फरशीवर पसरून तारखा बघत बसले. पहिला करार १ जून २०१५ चा. दुसरा १ मे २०१६ चा. तिसरा १ एप्रिलचा, चौथा १ मार्चचा. करार अकरा महिन्यांचा, म्हणून दर खेपेला तो एक महिना अलीकडे सरकत आलाय. इतकी साधी गोष्ट, पण एवढ्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. भिंतीवरचं कॅलेंडर पुढं जात होतं आणि आमचा करार उलट्या पावलांनी चालत होता. उन्हाळ्यातून थंडीत, थंडीतून दिवाळीत, दिवाळीतून श्रावणात. बारावा करार येत्या ३१ मेला संपतोय. तेरावा केला तर तो पुन्हा १ जूनचा असेल. बारा करार म्हणजे बरोबर अकरा वर्षं. निघालो होतो त्याच महिन्याच्या दारात परत येऊन उभे आहोत.

अकराच महिने का, असं मी पहिल्या कराराच्या वेळी एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, तसंच असतंय." पुढं कधीतरी कळलं, की वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची केली, आणि ती टाळायला लोकांनी वर्षातला एक महिना कापून टाकला. नंतर महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला. महिने कितीही असोत, करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा, असं त्यानं ठरवलं. कारण संपलं, तरी अकरा महिने राहिले. आता तर एजंट लॅपटॉप घेऊन घरीच येतो. सोबत काडेपेटीएवढं अंगठ्याचं यंत्र असतं. माझा अंगठा त्या यंत्राला लवकर पटत नाही. भांडी घासून रेषा पुसट झाल्यात. तो मुलगा रुमालानं काच पुसतो, "ताई, जरा दाबून," म्हणतो. मी दाबते. पुन्हा नाही. मग बोट ओलं करून, पदराला पुसून, शेजारच्या बोटावर प्रयत्न. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नाही. घरमालक काका, नवरा, दोन साक्षीदार, सगळे माझ्या हाताकडे बघत असतात. मग कधीतरी हिरवा दिवा लागतो आणि सगळे एकदम चहा घ्यायला लागतात.

आमच्याकडे घर भाड्यानं घेत नाहीत, किरायानं घेतात. 'रूम किरायाने देणे आहे' अशा पाट्या टीव्ही सेंटरपासून गारखेड्यापर्यंत गेटला तारेनं बांधलेल्या दिसतात. पुण्याला गेलेली माझी मैत्रीण आता 'भाडेकरू' म्हणते. मला मात्र 'किरायादार' हाच शब्द आपला वाटतो. त्याच्या शेवटी दार आहे. फारसीतला तो 'दार' म्हणजे बाळगणारा, हे मला ठाऊक आहे. तरी लहानपणापासून मला त्यात मराठी दारच दिसत आलंय, किराया देऊन उघडलेलं. आता आम्ही घर विकत घेण्याचं बघतोय तर सगळे म्हणतात, मालक व्हाल. बँकेच्या अर्जावर माझ्या नावापुढं शब्द छापलेला होता 'कर्जदार'. दार तेवढं तसंच होतं, त्याच्या अलीकडचा शब्द बदलला होता.

बघितलेलं घर बीड बायपासच्या पलीकडं आहे, देवळाईच्या अंगाला. रो-हाऊस. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागं धुण्याभांड्याला हातभर जागा. वरच्या खिडकीतून साताऱ्याचा डोंगर दिसतो, आणि मन लावून बघितलं तर खंडोबाच्या देवळाची दिशा ओळखू येते. पंचेचाळीस लाख. इसार एक्कावन्न हजार. नवऱ्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. हप्ता तीस हजार, आजचा किराया बारा हजार. वीस वर्षं, दोनशे चाळीस हप्ते. त्याच्या हिशेबात चूक नव्हती. तो वाळूजला कंपनीत आहे, मोजमापाचंच काम करतो. मी फक्त त्या दोनशे चाळीसला अकरानं भागून बघितलं. जवळजवळ बावीस करार. बावीस वेळा माझा अंगठा यंत्राला पटवावा लागणार नाही, हे घर घेण्याचं चांगलं कारण वाटलं. आणि वीस वर्षांनी लेक बत्तीस वर्षांची असेल, कुठल्या गावात असेल कोण जाणे, हेही त्याच क्षणी मनात आलं.

त्या घरातली एक गोष्ट मला सोडत नाही. वरच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, कोऱ्या रंगाच्या आतून एक करडी सावली दिसते. खालून निमुळती, वर पसरत गेलेली. मी हात लावला तर भिंत गुळगुळीत होती, पुट्टी चांगली भरली होती, पण सावली होती. दाखवायला आलेला माणूस म्हणाला, "वॉचमनची फॅमिली राहायची बांधकाम चालू असताना. चूल असायची तिथं. अजून एक हात मारला की जाईल." मी विचारलं, ते आता कुठं असतात. "पुढच्या साइटवर." त्यानं खिडकीतूनच बोट दाखवलं. चार प्लॉट सोडून अर्ध्या उभ्या राहिलेल्या भिंती होत्या, त्यांच्या वरच्या अंगाला दोरीवर एक लाल परकर आणि लहान मुलाचे दोन सदरे वाळत होते. म्हणजे या घरात पहिली भाकरी भाजून झालेली आहे. आपण वास्तुशांत करू, दूध उतू घालू, आणि त्याला गृहप्रवेश म्हणू. पण जिनं सळया उघड्या असताना, खिडक्यांना झडपा नसताना इथं पाऊस काढला, तिचं लेकरू इथं रांगलं असेल, पहिल्यांदा उभं राहिलं असेल. त्या बाईला मी बघितलेलं नाही. तरी घराचा विचार आला की आधी तिची चूल दिसते.

माझी लेक आठवणी वर्षांनी सांगत नाही, घरांनी सांगते. "आपण गारखेड्याच्या घरी होतो तेव्हा मला कांजिण्या झाल्या." "एन-नाईनच्या घरात मांजर यायची ती." पहिलं घर सिडकोत, एन-नऊला, दोन खोल्या. तिथं ती चालायला शिकली. जानेवारी २०१९ च्या शेवटच्या दिवशी छोटा हत्ती बोलावून आम्ही गारखेड्याला आलो; टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी देव मांडीवर घेऊन मी बसले होते आणि मागं संक्रांतीच्या वाणाची सुगडं पाण्याच्या ड्रमात ठेवली होती, फुटू नयेत म्हणून. तिसरं घर उल्कानगरीतलं, सध्याचं. तीन घरांत मिळून लेकीचं बालपण वाटलं गेलंय, आणि तिला त्यात काही उणं वाटत नाही. उणं वाटतं ते मला. मी गुलमंडीजवळच्या एका वाड्यात दोन खोल्यांत वाढले. सात बिऱ्हाडं, एक आड, एक चौक. तीही किरायाचीच जागा, पण वीस वर्षं एकच. अकरा महिन्यांनी तिथं कुणी अंगठा मागितला नाही. मालक दर दिवाळीला येऊन चौकात खुर्ची टाकून बसायचे आणि पावत्या फाडायचे.

एन-नऊचे काका मोठे मायाळू गृहस्थ. घर सोडताना त्यांना आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ते एकदा सहज म्हणाले, "अहो, मी तरी कुठं मालक? जमीन सिडकोची, आम्हाला भाडेपट्ट्यानं दिलेली. विकायचं म्हटलं तरी त्यांची परवानगी." मी तेव्हा हसून सोडून दिलं. नंतर समजलं, की सिडकोनं सत्तरच्या दशकापासून इथं वसाहती उभ्या केल्या, एन-एक, एन-दोन करत, आणि हजारो कुटुंबांना डोक्यावर छप्पर दिलं ते भाडेपट्ट्यावरच. त्या घरांत आता तिसरी पिढी राहते. दारात जास्वंद आहे, गेटवर संगमरवरी पाटी आहे, गच्चीवर वाळवणं आहेत, आणि कागदात जमीन तेव्हा दुसऱ्याची होती. काका रोज सकाळी त्या जमिनीवर सडा टाकायचे. कधी चुकला नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे तिकडं फारसे फिरकत नाहीत, म्हणून मला ती आवडतात. मागच्या पावसाळ्यात लेकीला घेऊन गेले. पायऱ्या चढताना तिला दम लागला, वर गेल्यावर मकबऱ्याचे मिनार आणि सगळं शहर खाली पसरलेलं बघून ती गप्प झाली. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली माणसं कोरलेली आहेत, खऱ्या माणसांच्या उंचीची. कुणाचे केस बांधलेले, कुणाच्या हातात हार. आम्ही त्यांच्या मागं जाऊन तशाच बसलो. नंतर लेक बाजूच्या खोल्यांत डोकावून आली आणि म्हणाली, "आई, इथं कोण राहायचं?" भिक्खू राहायचे, मी म्हटलं. त्यांना एका जागी राहायचं नसायचं, सारखं चालत राहायचं. फक्त पावसाळ्यात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, एका ठिकाणी थांबायचे. त्याला वर्षावास म्हणतात.

"तीन महिन्यांसाठी एवढं खोदलं?"

मला उत्तर देता आलं नाही. सहाव्या-सातव्या शतकात कोरलेला तो खडक मी हातानं चाचपत राहिले. छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात, तिरपे, एकाच हाताच्या लयीतले. कोरणारा तिथं राहणार नव्हता. राहणारा ते आपलं म्हणणार नव्हता. आणि काम असं, की चौदा शतकं पाऊस झेलून उभं आहे. लेणं सोडताना लेकीनं एका कोठडीच्या उंबऱ्यावर चप्पल काढली, आत गेली, क्षणभर उभी राहिली आणि बाहेर आली. का, ते मी विचारलं नाही.

या गावात घरापेक्षा पाणी जुनं आहे. १६१० मध्ये मलिक अंबरानं खडकी वसवली. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारा-बाजारांतून इथवर आलेला हबशी माणूस. त्यानं डोंगरातलं पाणी शोधलं आणि जमिनीखालून नहरी काढून ते गावात आणलं. ज्याच्या स्वतःच्या देहाची खरेदी-विक्री झाली होती, त्यानं हजारोंना वस्तीला जागा दिली, आणि ती देताना आधी पाण्याची सोय लावली, या गोष्टीपाशी मी नेहमी थांबते. गावाची नावं नंतर बदलत गेली. माझ्या फाइलमध्येच नऊ करारांवर औरंगाबाद आहे आणि पुढच्या तिनांवर छत्रपती संभाजीनगर. २०२३ मध्ये नाव बदललं तेव्हा नववा करार चालू होता. पत्ता बदलला नव्हता, तरी पत्ता बदलला. पाण्याला मात्र सगळ्या नावांना पुरं पडावं लागतं. आज घर किरायानं बघायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो, पाणी कितव्या दिवशी येतं? डिपॉझिट, पार्किंग, शेजार हे सगळं नंतर. आमच्याकडं आठवड्यानं येतं, कधी आठव्या दिवशी. त्या दिवसाला आम्ही वाराच्या नावानं हाक मारत नाही. 'पाण्याचा दिवस' म्हणतो. त्या दिवशी पाहुणे बोलवत नाहीत, गावाला जात नाहीत, आणि वेळ रात्रीची असेल तर एकजण जागा राहतो.

माझी आजी हे पाणी आलं की पहिला तांब्या भरून घ्यायची आणि लगेच प्यायची नाही. देवापुढं ठेवायची. म्हणायची, "आपल्या दारावरनं आलंय." आम्हा मुलांना वाटायचं, नळ दारात आहे म्हणून म्हणत असेल.

आजी-आबांचं घर गंगापूर तालुक्यात होतं, गोदाकाठी. आमच्याकडं गोदेला गंगाच म्हणतात. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हातानं झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधी लोकार्पणाला आल्या, आणि या अकरा वर्षांच्या मध्ये कधीतरी आमचं गाव उठलं. शंभराहून अधिक गावांचं तसंच झालं. अकरा वर्षं, हा आकडा इथंही आहे, हे लिहिताना दिसलं. आबांचं घर किरायाचं नव्हतं. पणजोबांनी बांधलेलं, धाब्याचं, पुढं ओसरी, मागं परसात लिंब. सातबारा होता, नमुना आठ होता, चतुःसीमा होत्या. पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, दक्षिणेला गंगा. मावेजा मिळाला, नव्या गावठाणात प्लॉट मिळाला. आबा तिथं रमले नाहीत. ते शहरात आले, जुन्या मोंढ्यात मुनिमाचं काम धरलं आणि गुलमंडीच्या त्या वाड्यात दोन खोल्या घेतल्या. आजी त्या खोल्यांना शेवटपर्यंत घर म्हणाली नाही. "खोलीवर चल," म्हणायची. घर हा शब्द तिनं पाण्याखालच्या जागेसाठी राखून ठेवला होता. आणि शहराला पाणी येतं ते त्याच धरणाच्या नाथसागरातलं. आमच्या ओसरीवरून, परसावरून, लिंबाच्या बुडख्यावरून फिरून, पाइपातून चढून, टाक्यांतून उतरून ते गुलमंडीच्या नळाला यायचं. आजी खरं तेच बोलत होती.

मे २०१६ मध्ये, म्हणजे आमचा दुसरा करार नुकताच झाला होता तेव्हा, दादांनी, माझ्या वडलांनी, फोन केला. "जुनं गाव उघडं पडलंय. येतीस का?" त्या दुष्काळात जायकवाडीचं पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं होतं. आम्ही दोघं सकाळीच निघालो. काठापासून आत तासभर चालावं लागलं. भेगाळलेला गाळ, मधेच कुणी गाळपेऱ्यात लावलेले काकडीचे वेल, शिंपले, एक उपडी पडलेली होडी. दादा माझ्यापुढं चालत होते. गाव सुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आणि आता पन्नाशी उलटलेला माणूस सपाट गाळात डावीकडं वळत होता, उजवीकडं वळत होता, जणू तिथं गल्ल्या होत्या. एका जागी थांबले. जोत्याचे दगड होते, गुडघाभर उंचीचे, काळे, शेवाळ वाळून पांढरे पडलेले. बाकी काही नाही. दादा जोत्यावर चढताना वाकले. मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, चौकट बुटकी असणार. तिथं वाकूनच आत जायचं असणार.

ओसरीच्या कोपऱ्यात दादा उकिडवे बसले आणि हातानं गाळ उकरू लागले. वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला, खालचा दमट होता. चार बोटं खोल गेल्यावर दगडाची गोल कड लागली. उखळ होतं. जमिनीत पुरलेलं, आजीनं आणि तिच्या आधीच्या बायकांनी मिरच्या, हळकुंडं, साळी कांडून आतून गुळगुळीत केलेलं. घर उठलं तेव्हा पाटा नेला, जातं नेलं, दाराच्या चौकटी काढून नेल्या, आढं बैलगाडीत घातलं. उखळ जमिनीतलं, म्हणून राहिलं. दादांनी ओंजळीनं सगळा गाळ बाहेर काढला. तळाशी गोगलगायींच्या चार शंख्या निघाल्या. त्यांनी आत हात घालून तळ चाचपला आणि तसाच हात आत ठेवून बराच वेळ बसून राहिले. ऊन चढत होतं. मी पाण्याची बाटली पुढं केली. दादांनी दोन घोट घेतले, उरलेलं उखळात ओतलं. उखळ भरण्याएवढं ते नव्हतंच. तळाशी थोडंसं चकाकलं आणि मुरलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली गेलं. दादांनी त्याचा विषय काढला नाही. ते आता नव्या गावठाणात धाकट्या भावापाशी असतात.

नवऱ्याचं म्हणणं आहे की घर माझ्या नावावर घ्यावं. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तो हिशेबानं बोलला, पण बोलून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाला, "आणि तुझं असेल." आजीच्या घराच्या नमुना आठवर आजीचं नाव कधी नव्हतं. मावेज्याच्या यादीत नव्हतं. उखळ तिचं होतं, कागद नव्हता. माझ्या करारांवर माझं नाव आहे, अंगठा आहे, फोटो आहे, आणि भिंतीत ठोकलेलं काहीच माझं नाही. देवळाईच्या घरात माझ्या नावाची पाटी लागू शकते. हे मला हवंय. नको म्हणण्याइतकी मी विरक्त नाही. पाटीवरची अक्षरं कशी असावीत हेही माझं ठरलेलं आहे.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. १७ मेला लागला, १५ जूनपर्यंत आहे. आमचं वर्ष अकरा महिन्यांचं आणि पंचांगाचं यंदा तेरा महिन्यांचं, अशी दोन्ही वर्षं एकाच उंबऱ्यावर भेटलीत. धोंड्याच्या महिन्यात कुणी खरेदीखत करत नाही, गृहप्रवेश करत नाही, बिऱ्हाडही हलवत नाही. रो-हाऊसवाल्यानंही घाई सोडली. "महिना जाऊ द्या, ताई," म्हणाला. उल्कानगरीचे काका म्हणाले, "करार संपला तर संपला. निज ज्येष्ठ लागला की बघू. राहा तोवर." म्हणजे १ जूनपासून पंधरा दिवस आम्ही कुठल्याच कागदाशिवाय राहणार. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला त्याची भीती वाटायला हवी होती. तसं झालं नाही. उलट घरातून फिरताना पाय मोकळे पडताहेत.

जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं म्हणून गेल्या रविवारी दादांनी आम्हाला गावी नेलं. पुरणाचे धोंडे, वर तूप. ताटाखाली चांदीचा छोटा दिवा ठेवला होता वाणाचा. जेवण झाल्यावर नवऱ्यानं मोबाइलवर घराचे फोटो दाखवले. हॉल, ओटा, जिना, खिडकीतला डोंगर. दादांनी चष्मा लावून एकेक फोटो लांब धरून बघितला. किंमत विचारली नाही, हप्ता विचारला नाही. फोन परत देताना म्हणाले,

"पाणी कुठलं?"

"बोअर आहे कॉलनीचं," नवरा म्हणाला. "उन्हाळ्यात टँकर. नळाचे पाइप येऊन पडलेत रस्त्याच्या कडेला, जोडले नाहीत अजून."

"म्हणजे गंगेचं नाही."

"येईल ना दादा. वर्ष-दोन वर्षांत."

दादांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मला समजलं नाही. मग उठून ते गोठ्याकडं गेले.

आज पाण्याचा दिवस आहे. वेळ रात्री अडीचची कळवलीय, म्हणजे तीन, साडेतीन. नवऱ्याची पहाटेची पाळी, म्हणून मी जागी आहे. हौदाचं झाकण काढून ठेवलंय, वरच्या टाकीचा कॉक बघून आलेय, पिण्याच्या पाण्याच्या कळश्या घासून ओट्याशी मांडल्यात. फाइल अजून फरशीवरच आहे. तिच्यावर इसाराचा चेक ठेवलाय, नाव लिहून झालेलं, तारखेची जागा कोरी. लेक पाणी प्यायला उठली होती, ती झोपायला गेलीच नाही. माझ्याशेजारी फरशीवर आडवी होऊन करारांवरचे माझे फोटो बघतेय. पहिल्या फोटोत ती माझ्या कडेवर होती, कॅमेऱ्याच्या चौकटीत तिचा कान तेवढा आलाय. तो तिनं शोधून काढला. "हा मीच ना?" म्हणाली.

नळातून हवा सुटायला लागलीय. आधी खरखर, मग थुंकल्यासारखे दोन-चार थेंब, मग गढूळ धार. ती मी वाहू देते. आता निवळतेय. लेकीनं न सांगता तांब्या धरलाय.